तीन तासांचा झेंडा

४ सप्टेंबर, पहाटे ५.००
उठलो. आजपासून अर्ध मॅरेथॉनचं ट्रेनिंग. एकवीस किलोमीटर. रेस १४ डिसेंबरला. बायकोला उठवून सांगितलं की आजपासून या घरात शिस्त येणार. ती म्हणाली, येऊ द्या, येताना दूध घेऊन या.

सकाळी ७.४५
डोळा लागला. पहिल्या दिवशी शरीराला आगाऊ सूचना द्यावी लागते, एकदम कामाला जुंपून चालत नाही. दूध बायकोनेच आणलं. टोमणा मारला. दुर्लक्ष केलं.

६ सप्टेंबर
मेहुण्याने नवीन घड्याळ घेतलं म्हणून जुनं मला दिलं. धावण्याचं स्पेशल घड्याळ. पावलं मोजतं आणि त्यावरून अंतर काढतं. मेहुणा सहा फूट चार इंच आहे. आयुष्यात त्याने तेवढंच केलं. म्हणाला, दाजी, आत माझी उंची आणि माझ्या ढांगेचं माप आहे, तेवढं बदलून घ्या. मी वजनमाप खात्यात एकवीस वर्षं निरीक्षक आहे. दुकानदारांचे काटे, पेट्रोलचे पंप, कापडाचे गज माझ्या शिक्क्याशिवाय चालत नाहीत. आणि मला मापाचं शहाणपण शिकवणार कोण, तर हा! चालू उपकरणाच्या सेटिंगला हात लावायचा नाही, हे आमच्याकडे शिपायालाही कळतं.
माझी उंची पाच फूट दोन. ती फक्त भिंतीला टेकून उभं राहिल्यावर जाणवते.

९ सप्टेंबर
तलावाला एक फेरी मारली. मध्ये चारदा थांबलो (लेस). पाटीवर लिहिलंय, एक फेरी दोन किलोमीटर. घड्याळात तीन आले. म्हणजे इतकी वर्षं अख्खं गाव चुकीच्या पाटीवर विश्वास ठेवून चालतंय आणि एकालाही शंका आली नाही. मेंढरं. नगरपालिकेला अर्ज लिहिला.
बायको म्हणाली की पाटी बरोबर असेल, घड्याळ तपासा. ती रोज संध्याकाळी मैत्रिणींबरोबर त्याच तलावाला चालते, गप्पा मारत. त्याला व्यायाम म्हणते.

१५ सप्टेंबर
रनिंग क्लबात नाव घातलं. कोचच्या गळ्यात कायम शिट्टी असते, म्हणून त्याला मनातल्या मनात शिट्टीच म्हणतो. मी पोहोचलो तर म्हणाला, चालणाऱ्यांची बॅच सहाला असते.
क्लबात एकूण चाळीस जण. त्यातले तीस फोटो काढायला येतात, नऊ जण केळी खायला. उरले टपालकाका. रिटायर्ड पोस्टमन, वय सदुसष्ट. असे धावतात की शेजारून चालणारा माणूस बोलता बोलता पुढे निघून जावा. दोन वर्षं रेसला उतरले आणि दोन्ही वर्षं मेडल हुकलं. तीन तासांनी शेवटची कमान बंद होते. आधीच्या वर्षी तीन मिनिटं उशीर, गेल्या वर्षी चाळीस सेकंद. जानेवारीत गुडघ्याचं ऑपरेशन आहे आणि त्यानंतर धावायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून यंदा शेवटचं. हे सगळं त्यांनी मला पाच मिनिटांत सांगितलं. एका पितळी चकतीसाठी माणूस या वयात किती कासावीस व्हावा!

२९ सप्टेंबर
गेले दहा दिवस ट्रेनिंग नाही. कारणं: पाऊस (दोन दिवस), पावसाची शक्यता (पाच दिवस), मोजे वाळले नाहीत (दोन दिवस), रविवार. बायकोने मोजे वाळलेत असं दोनदा सांगितलं. ओलसर होते.

१९ ऑक्टोबर
ऐतिहासिक दिवस! तलावाच्या सात फेऱ्या. घड्याळात एकवीस किलोमीटर. वेळ दोन तास वीस मिनिटं. शिट्टीला दाखवलं. तो घड्याळाकडे बघायचा, मग माझ्याकडे बघायचा, मग परत घड्याळाकडे. माझं यश पचत नव्हतं.
टपालकाका मागून येऊन म्हणाले की साहेब, मी फेऱ्या मोजत होतो, सात झाल्या, सात दुणे चौदा. मी म्हणालो, काका, पत्रं मोजणं वेगळं आणि अंतर मोजणं वेगळं. ते हसले आणि पाण्याची बाटली पुढे केली. उत्तर नसलं की लोक पाणी देतात.

२ नोव्हेंबर
पाचव्या फेरीत नवीन तंत्र वापरलं. जमिनीवर आडवं होऊन रिकव्हरी. लोकांना तंत्र कळलं नाही. कोणी तोंडावर पाणी मारलं, कोणी चप्पल हुंगवली. टपालकाका माझे पाय वर धरून बसले होते आणि बायकोला फोनही त्यांनीच केला. नसत्या उठाठेवी.
डॉक्टर म्हणाला बीपी आहे, रोज एक गोळी घ्या, एकटे धावू नका, जमलं तर धावूच नका. त्याचं स्वतःचं पोट टेबलामागे मावत नाही. बायको रडली. तिला म्हटलं, ॲथलीटचं रक्त जोरातच वाहणार.
गोळ्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या.

१८ नोव्हेंबर
मी पेसर झालो!!
रेसमध्ये काही अनुभवी धावपटू पाठीला झेंडा बांधून धावतात. झेंड्यावर वेळ लिहिलेली असते. ते बरोबर त्या वेळेला पोहोचतात आणि ज्यांना घड्याळाची कटकट नको ते मुकाट झेंड्यामागे धावतात. तीन तासांचा झेंडेवाला जिन्यावरून घसरला आणि त्याचा घोटा गेला. शिट्टीने सगळ्यांना विचारलं, कोणी तयार होईना. मी घड्याळ काढून त्याच्या नाकासमोर धरलं: एकवीस किलोमीटर, दोन वीस. आकडा समोर आहे म्हटल्यावर बोलणार काय! त्याने नाइलाजाने झेंडा दिला.
खरं तर हा अपमान आहे. मला दोन तासांचा झेंडा शोभला असता. तीन तासांच्या झेंड्यामागे कोण येतं? ज्यांची कमान हुकायला आलेली असते ते. झेंडा दोन तास अठ्ठावन्नला पोहोचतो, दोन मिनिटांनी कमान बंद. लंगडे, हाशहुश करणारे, पहिलटकर. पण कोणीतरी या लोकांना ओढलंच पाहिजे.
टपालकाका म्हणाले की आता काळजी मिटली, यंदा तुमच्याच मागे राहतो. मी म्हणालो, राहा, फक्त पुढे पळायचा मोह आवरा.

५ डिसेंबर
रेसआधी विश्रांती घ्यायची असते. सप्टेंबरपासून घेतलेली विश्रांती आता कामाला येईल.
ऑफिसच्या कामाने बाजारात गेलो. एका किराणावाल्याचा काटा किलोमागे अठरा ग्रॅम जास्त दाखवत होता. जप्त केला. तो गयावया करायला लागला की साहेब, काटा दुसऱ्याकडून घेतला, तपासायचा राहिला. सगळ्या दुकानासमोर झापला. म्हटलं, जो स्वतःचं माप तपासत नाही त्याने लोकांना माल देऊ नये. गर्दी जमली होती. फार छान बोललो.

१३ डिसेंबर
झेंडा पाठीला बांधून आरशासमोर उभा राहिलो. झेंडा आरशाबाहेर जातो. बायको दारात उभी राहून म्हणाली की गोळी घ्या, आणि एकदा तरी ते घड्याळ तलावाच्या पाटीशी ताडून बघा. म्हटलं, पाटीवर अर्ज गेलेला आहे. ती आत निघून गेली. शेवटी पटलं.

१४ डिसेंबर, दुपारी ३.००
आज जे झालं ते वस्तुनिष्ठपणे लिहून ठेवतो.
माझ्यामागे तेवीस जण होते. मी सुरुवातीलाच सांगितलं की माझ्या घड्याळावर विश्वास ठेवा, एक किलोमीटरला साडेआठ मिनिटं, एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. काटेकोरपणे तसाच धावलो. पहिल्या किलोमीटरची पाटी आली तेव्हा घड्याळात दीड. दुसऱ्या पाटीला तीन. इथेही पाट्या चुकलेल्या! थांबून सगळ्यांना समजावलं की मी वजनमाप खात्याचा आहे, आयोजकांची तक्रार करणार आहे, घाबरू नका. तेवढ्यात चार जण पुढे पळाले.
तिसऱ्या पाटीला अकरा जण गेले. त्यात जांभळ्या टोपीची एक बाई होती. ती टपालकाकांचा हात धरून ओढत होती की काका चला, याच्या नादी लागाल तर यंदाही मेडल जाईल. काकांनी हात सोडवून घेतला आणि तिला म्हणाले, तू हो पुढे. जाता जाता ती मला जे बोलली ते सुशिक्षित बाईच्या तोंडी शोभत नाही.
पाचव्या पाटीला मागे वळून पाहिलं तर टपालकाका आणि अँब्युलन्स. ड्रायव्हर एका हाताने गाडी हाकत दुसऱ्या हाताने बिस्किटं खात होता. शिस्तीचं मोल जाणणारा एकच माणूस निघाला, याचं मला समाधान वाटलं. काका प्रत्येक पाटीला मला पाणी देत होते. दहाव्या पाटीला म्हणाले की जरा चालू या का. मी म्हणालो, पेसर चालत नसतो. मग चाललो.
चौदाव्या पाटीपाशी घड्याळ थरथरलं. काचेवर फटाके फुटले आणि अक्षरं आली: अभिनंदन! एकवीस किलोमीटर. दोन तास अठ्ठावन्न मिनिटं. सेकंदाचीही चूक नाही! मी दोन्ही हात वर केले.
समोर पंक्चर काढायचं दुकान होतं. कमान नव्हती. एक पोरगेला स्वयंसेवक पाटी उपटून टेम्पोत टाकत होता. त्याने विचारलं, तुम्ही अजून इथे?
बसमध्ये बसवून आणलं. टपालकाका सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होते. मी त्यांना धीर दिला की आपण वेळेत होतो, रस्ता उशिरा आला.

१५ डिसेंबर
क्लबच्या ग्रुपवर माझ्याबद्दल एकशे बारा मेसेज. तेविसातले एकोणीस दुसऱ्यांचे झेंडे गाठून वेळेत पोहोचले. म्हणजे माझा रिझल्ट ऐंशी टक्क्यांच्या वर आहे, पण हे कोणी लिहिणार नाही. शिट्टीने झेंडा परत मागितला. टपालकाकांचा एकही मेसेज नाही.
आयोजकांविरुद्ध तक्रार तयार. पुरावा तेवढा जोडायचा.

१६ डिसेंबर
ऑफिसचं मोजणीचं चाक घेऊन पहाटे गेलो. पाट्या गेल्या तरी रस्त्यावर पांढऱ्या रंगाच्या खुणा आहेत. स्टार्टपासून पहिल्या खुणेपर्यंत चाक फिरवलं. हजार मीटर. चाक तपासलं, सील शाबूत. परत फिरवलं. नऊशे नव्व्याण्णव मीटर ऐंशी सेंटीमीटर. कायद्याने एवढा फरक चालतो.
तसाच तलावावर गेलो. दोन हजार तीन मीटर.
घड्याळाची सेटिंग उघडली. मेहुण्याचं नाव, मेहुण्याची उंची, मेहुण्याची ढांग. तक्रार फाडली. मेहुण्याने हे बदलून द्यायला हवं होतं.

२१ डिसेंबर, संध्याकाळी
टपालकाकांकडे जाऊन आलो. जाताना ठरवलं होतं की तांत्रिक बिघाड एवढंच सांगायचं.
दोन खोल्यांचं घर. काका गुडघा शेकत बसले होते. काकूंनी पाणी आणून ठेवलं आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता आत गेल्या. मी तांत्रिक बिघाड सांगायला सुरुवात केली. काका म्हणाले की साहेब, ते मला ऑक्टोबरपासून माहीत होतं. दुसऱ्या पाटीला तर खात्रीच पटली.
मी विचारलं, मग त्या बाईबरोबर गेला का नाहीत?
ते आधी सांगेनात. मग म्हणाले की तुम्ही तलावावर पडलात त्या संध्याकाळी तुमच्या मिसेस इथे आल्या होत्या. म्हणाल्या, हे कोणाचं ऐकत नाहीत, गोळी घेत नाहीत, रेसला मागे कोणी नसेल आणि पडले तर कळणारही नाही. काका, तेवढं यांना एकटं सोडू नका. मी हो म्हणालो होतो.
मी म्हणालो, मागे अँब्युलन्स होती. ते म्हणाले, ड्रायव्हर बिस्किटं खात होता.
मी मेडलचं विचारलं. मला वाटलं, त्याचं काय एवढं, असं काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मग शेकायची पिशवी दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली आणि मला विचारलं की आज गोळी घेतली का.
मी घेतली म्हणालो. घेतली नव्हती.
घरी आलो. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. कुठे गेला होतात म्हणाली. सांगितलं. तिने मान वर केली नाही. मी ड्रॉवर उघडून गोळी घेतली.
मला लाज वाटते आहे. हे लिहून झाल्यावर नेहमीप्रमाणे पुढे कारण लिहायला पेन टेकवलं. अर्धा तास झाला, एकही सापडत नाही.