सहा चुलींचा नकाशा

सर, परवा ब्रह्मपुरीहून कॉलेजातली तीन मुलं माझ्याकडे चंद्रपूरला आली होती. वैनगंगेकाठच्या पडक्या गढीत आपण दरवर्षी उभी करायचो ती शिबंदी, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी गढी राखणाऱ्या शिपायांची तुकडी, त्यांना पुन्हा उभी करायची आहे. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी तुमचं नाव त्यांना ठाऊक आहे. त्यांना माझा छावणीचा नकाशा हवा आहे. रविवारी न्यायला येतील. परवापासून तो टेबलावर पडून आहे आणि मी त्याच्या आसपास फिरते आहे. कारखान्यात दिवसभर मी सुटे भाग तपासते, चालेल की नाही एवढंच सांगते. ते सांगायला मला कधी वेळ लागत नाही.

पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही जेवढे काटेकोर होता त्याहून गढीत जास्त. पहिल्या वर्षी तुम्ही मला दारातूनच परत पाठवलं, कारण माझ्या अंगरख्याला मशीनची टीप होती. इतक्या दुरून लोकांना काय दिसणार, असं मी म्हणाले, तर तुम्ही वर न बघता विचारलंत, "तुले दिसते ना?" मी अख्खा अंगरखा उसवला आणि हाताने शिवला. त्यानंतर तुम्ही तुमची स्वतःची स्टीलची पट्टी मला दिलीत आणि ढालींच्या रिव्हेटांचं काम माझ्यावर सोपवलंत. एवढा विश्वास माझ्यावर तोवर कुणी टाकला नव्हता.

तुकडीत आपण धरून पंधरा-सोळा जण. बहुतेक धानाची शेती करणारे, आणि चौघे सख्खे भाऊ तलावावर मासे धरणारे. त्यांतला थोरला पन्नाशीचा, त्याला सगळेच भाऊ म्हणायचे. महाशिवरात्रीची मार्कंड्याची जत्रा उठली की आठवड्याभरात आपला कार्यक्रम. जीपमध्ये एकमेकांच्या मांडीवर बसून जायचं, मागच्या वर्षी खोट्या लढाईत कोण किती वाईट मेला यावर वाटभर एकमेकांना छळायचं, आणि लढाईच्या आधी गढीत एकाच हंड्यातलं जेवायचं. मासे त्या चौघांचे, रांधणारेही तेच.

तिसऱ्या वर्षी मी नागपूरच्या ग्रंथालयात बसून वाचत होते. त्या काळच्या छावण्यांत शिपाई एकत्र जेवत नसत, जातीजातीच्या चुली वेगळ्या असत, हे एकाहून अधिक पुस्तकांत होतं. म्हणजे आपला हंडा चुकीचा होता, मशीनच्या टिपेसारखा. मी प्रमाणात नकाशा काढला. सहा चुली, मधली अंतरं, वाऱ्याची दिशा. तुम्ही तो बराच वेळ पाहत राहिलात. "पुस्तकात हाय?" मी पानं दाखवली. तुम्ही मान हलवलीत. ती होकाराची होती असं मी धरलं.

कार्यक्रमाच्या सकाळी मी हातात कागद घेऊन उभी आहे आणि एकेकाला त्याची जागा दाखवते आहे. शेतकरी आधी हसतात, मग आपापल्या दगडांपाशी जाऊन बसतात. भाऊ हंडा खांद्यावर घेऊन येतो. मी त्याला भिंतीपलीकडची, वाऱ्याखालची चूल दाखवते. तो हंडा उतरवत नाही.

"दोनशे वर्सं मांगं गेलो म्हून तिकडं बसाचं काय, बाई?"

मी म्हणाले, तसंच लिहिलेलं आहे. तो गेला. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला, "बाई, धूर तं तिकडून इकडं येऊन राह्यला. त्याले बी अडवा." कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

तुम्ही माझ्याजवळ आलात. आवाज चढवला नाहीत. "नकाशा बरोबर हाय तुझा. आता जा, त्यायले जेवाले बलाव."

मी गेले नाही. पाहुणे येऊन बसले आहेत, आता मांडणी मोडता येणार नाही, असं मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही स्वतःच भिंतीपलीकडे गेलात आणि त्यांच्यासोबत जेवलात. लढाई झाली. पडलेल्याला चार जणांनी उचलून छावणीत न्यायचं, हे ठरलेलं होतं. त्या दिवशी भाऊ पडला तेव्हा त्याच्या भावांशिवाय कुणी पुढे झालं नाही. नागपूरहून आलेल्या एका प्राध्यापकांनी सांगितलं की इतकं अस्सल काम त्यांनी पाहिलेलं नाही. मला आनंद झाला, हेही लिहून ठेवते. परतताना जीपमध्ये जागा उरली होती. ते चौघे पायी निघून गेले होते.

पुढच्या वर्षी तुम्ही सायकलने दोनदा त्यांच्या गावी गेलात. भाऊने चहा पाजला, तुमची विचारपूस केली, आणि यंदा जमणार नाही म्हणाला. त्याच वर्षी पावसाळ्यात तुम्ही गेलात. तुकडी पुन्हा जमली नाही.

मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले की ही चूक अचूकपणाची होती, आणि तो अचूकपणा तुम्हीच मला शिकवलात. परवा त्या मुलांनाही मी जवळजवळ हेच सांगितलं. त्यांच्यातल्या एकीने विचारलं, मग तुम्ही कोणत्या चुलीवर होता? मी विषय बदलला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिता येतं. आधीची दोन्ही वर्षं मी पोट बरं नसल्याचं सांगून हंड्यातलं घेत नव्हते, नुसता घरून आणलेला डबा खायचे. त्या हंड्याला कुणाचे हात लागत होते ते मला माहीत होतं. कदाचित तुम्हालाही माझं ते पोटाचं निमित्त माहीत असेल. नकाशा काढताना मी पहिली चूल काढली ती माझी. त्या दिवशी, सर, मी गढीत पहिल्यांदा पोटभर जेवले.