मुंगी चावल्याइतकं

३ सप्टेंबर
क्लिनिकने मला आरोग्यदूत केलं. निळा टी-शर्ट मिळाला आणि आत गाठ असलेला रबरी स्तन. आमच्या खोऱ्यातल्या मेक्सिकन बायका स्तनांच्या तपासणीला घाबरतात, नवरेही पाठवत नाहीत. म्हणून यंदा पुरुष घेतलेत. नवरे टायर बदलायला माझ्याच दुकानात येतात. महिन्याभरात सगळ्या बायका मशीनपुढे उभ्या करतो. माहितीपत्रातलं शेवटचं पान, ‘पुरुषांनाही हा कॅन्सर होतो’, भाषणातून गाळलं. उगाच फाटे फुटतात.

९ सप्टेंबर
शेजारच्या रेमेदिओसमावशींनी विचारलं, मास्तर (इथे कारागिराला मास्तरच म्हणतात), दुखतं का हो? म्हटलं, मुंगी चावल्याइतकं. तुम्हाला काय माहीत, म्हणाल्या. म्हटलं, ट्रेनिंग झालंय.

१७ सप्टेंबर
दुकानात नवऱ्यांसमोर भाषण. रबरी स्तन ओतिलियाने कपाटात कोंबलेला, घरात पाद्री येतात म्हणे. बायको असून सहकार्य नाही. शेवटी शर्ट वर करून स्वतःच्याच छातीवर दाखवलं. डावीकडे बोट अडलं. वाटाण्याएवढं काहीतरी. भाषण थांबवलं नाही. लोक म्हणाले, मास्तर, पांढरे का पडलात? उकडत होतं.

१८ सप्टेंबर
परवा ट्रकचं टायर छातीवर आलं होतं. आलंच असणार.

२४ सप्टेंबर
रबरी स्तन काढून ताडून पाहिला. गाठ अगदी तशीच. हल्ली रबर चांगलं येत नाही.
संध्याकाळी रेमेदिओसमावशींना फैलावर घेतलं. घाबरून घरी बसणं म्हणजे पोराबाळांशी बेइमानी, असं सुनावलं. त्या रडल्या. बोलतो मी चांगलं.
जेवण गेलं नाही. ओतिलिया म्हणाली, पोसोले बिघडलंय का? हो म्हटलं. ते बिघडलं नव्हतं.

२ ऑक्टोबर
ओतिलियाने स्वयंपाकघरात मिठी मारली. मी ओरडलो. तिने शर्टाची बटणं काढली, तिथेच बोट ठेवलं. तिची आई याच दुखण्याने गेली. मग तिचं तोंड सुटलं. गावभर बायकांना शहाणपण शिकवत फिरतोस, लाज नाही वाटत? मला विधवा केलंस तर दुकान पेटवून देईन.
टायरची सबब सांगितली नाही. भीती वाटते. फार वाटते.

६ ऑक्टोबर
उद्या क्लिनिकला जाण्याचा निर्णय मी स्वतः घेतला. गाडीची चावी ओतिलियाकडे आहे.

७ ऑक्टोबर
आज नेमका बायकांच्या तपासणीचा दिवस, मीच भरवलेला. बाकावर मीच समजावून आणलेल्या सगळ्याजणी. पुरुषांचा गाऊन नसतो, गुलाबीच मिळाला. रेमेदिओसमावशींनी नाडी बांधून दिली. म्हणाल्या, घाबरू नका मास्तर. बाकीच्या एका सुरात म्हणाल्या, मुंगी चावल्याइतकं!
मशीनने चिमटलं. मुंगी नव्हती.
माझा आवाज बाहेर गेला म्हणे. सगळं बाक रिकामं झालं, मावशी सर्वांत पुढे. ओतिलियाने पार्किंगमध्ये गाठून त्यांना सांगितलं, दुखतं, बऱ्यापैकी दुखतं, पण लगेच सरतं. माझी आई गेली नाही तपासायला, म्हणून ती गेली. एकूण एक परत आल्या.
लगेच सोनोग्राफीही केली; माझी गाठ साधी निघाली. कॅन्सर नाही. ओतिलिया तिथेच हमसून हमसून रडली. मी म्हटलं, मला पहिल्यापासून खात्री होती.
कपडे घ्यायला गेलो तर नर्सबाईंनी माझा आरोग्यदूताचा निळा टी-शर्ट ओतिलियाच्या हातात ठेवला होता. तिला तो सैल होतो, पण चालेल म्हणाली.
मी गुलाबी गाऊनवर घरी आलो.