खंडूचं ताट

बेलवली, बदलापूर
१० मार्च १९९१

प्रिय भिमा,

खंडू जेवायला लागला, हे आधी सांगते. जनगणनेच्या ड्युटीवर होतीस ते तीन आठवडे रोज दुपारी जेवायला यायचीस आणि चपला काढायच्या आधी विचारायचीस, कुत्रा जेवला का? बरगड्या मोजून घ्याव्यात असा झाला होता. संध्याकाळी भात-सुकटीचं ताट पुढे केलं की हुंगायचा, शिंकायचा आणि न्हाणीमागे जाऊन पडायचा. दुपारी तुझ्या हातची अर्धी भाकरी मात्र मिटक्या मारत खायचा.

घरात जो तो वैद्य झाला. हे म्हणाले जंत, शेजारचे नाथाभाऊ म्हणाले दात किडला. आमच्या सासूबाईंचं निदान लिहायलाही नको वाटतं. तुझ्याच हातचं खातो, म्हणजे तूच त्याच्यावर काहीतरी केलंयस! मी वालाच्या शेंगा सोलत होते, ऐकून सोलतच राहिले. डी.एड.ला माझ्यासाठी रेक्टरशी भांडणारी तू, आणि मी ही अशी.

शेवटी बावीस तारखेला, शुक्रवारी तू जेवून गेल्यावर, उल्हासनगरचे म्हातारे सिंधी डॉक्टर आले. जबडा उघडून पाहिला, पोट दाबलं, ताप बघितला. काही नाही. मग म्हणाले, हा कशात जेवतो ते दाखवा. ताट नाकाशी नेलं आणि खेकसले, "अरे बाबा, इसमें तो फिनाइल की बू आती है. इसमें आदमी नहीं खाएगा, कुत्ता कैसे खाएगा?"

मला वाटलं सासूबाई खजील होतील. छे! त्याच ऐटीत म्हणाल्या, "तिचा ताट फिनेलनी धुतला त काय चुकला?"

तिचा म्हणजे तुझा, भिमा. ते ताट आमच्या भांड्यांत नसतं, तुमच्या जातीचं कुणी आलं तर म्हणून गोठ्याच्या कोनाड्यात असतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला खंडूची जर्मनची थाळी झिजून फुटली, तेव्हा सासूबाईंनी तेच त्याला लावून दिलं, नाहीतरी घरात चालत नाही म्हणून. दुपारी तू जेवायचीस. मग त्या त्यात फिनेलचं पाणी फिरवायच्या. संध्याकाळी ते कुत्र्यापुढे. सकाळी राखेनं घासलं की दुपारी पुन्हा तुझ्यापुढे. म्हणजे त्या फिनेल लावायच्या ते तुझ्या उष्ट्याला, कुत्र्याच्या नव्हे. शी! हे आमचं घरंदाज घर, दारात तुळस आणि देव्हाऱ्यात रोज ताजी फुलं.

मला काहीच ठाऊक नव्हतं, असं एक पत्र काल लिहून झालं होतं. ते फाडलं. फिनेलचं ठाऊक नव्हतं, एवढंच खरं. ताट वेगळं आहे हे ठाऊक होतं. त्यात खंडू जेवतो हेही. आणि वाढत तर मीच होते. घासलेलं आहे ना, तीन आठवड्यांचा तर प्रश्न, उगाच घरात भांडण कशाला, अशी मनाची समजूत घालायचे आणि वरून तुला आग्रह करायचे. सासूबाईंची किळस येते, पण त्याहून जास्त माझी येते.

आता का लिहिते आहे ते सांगते. डॉक्टर गेले त्याच संध्याकाळी मी बाजारातून खंडूसाठी नवी थाळी आणली. तो चाटूनपुसून जेवला, मी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर सोमवार ते गुरुवार तू चार दिवस आलीस. सगळं कळलेलं असून मी तुला त्याच जुन्या ताटात वाढलं. कुत्र्यासाठी थाळी आणली, तुझ्यासाठी कपाटातलं एक ताट काढायची माझी हिंमत झाली नाही. आणि परवा तुझं कार्ड आलं, "बकुळे, तुझ्या घरी मला कधी परकं वाटलं नाही." ते वाचल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. हे वाक्य जवळ ठेवायची माझी लायकी नाही. कार्ड याच पाकिटात घालून परत पाठवते आहे.

तुझीच म्हणवून घ्यायला लाजणारी,
बकुळा