पाडव्याची आमटी

छत्रपती संभाजीनगर

आईस, रत्नाचा पाया पडून नमस्कार.

दिवाळी चांगली झाली, काळजी करू नको. फोनवर बोललं की घरातले ऐकतात, म्हणून लिहितेय.

यंदा पाडव्याचं जेवण पहिल्यांदाच सिडकोतल्या आमच्या फ्लॅटवर केलं. यांच्या आत्याबाई पण आल्या होत्या. मागच्या दिवाळीला तू पाचोडहून आणलेला येसर मसाल्याचा डबा त्यांनी तुझ्यादेखत धुणंवालीला देऊन टाकला होता. मी मुद्दाम तू यंदा पाठवलेल्या येसराचीच आमटी केली. त्यांनी दोनदा मागून घेतली.

"लई झकास झालीय गं. कुणी शिकवली?"

"माझ्या आईनं. येसर पण तिचंच आहे. तुम्ही धुणंवालीला दिलं होतं ना, तसलंच."

आत्याबाईंनी वाटी बाजूला सारली. मी तिच्यात आणखी एक पळी ओतली आणि म्हटलं, "घ्या की, लाजू नका." लई बरं वाटलं, आई.

हे तेव्हापासून जरा कमीच बोलतात. बोलतील हळूहळू. अप्पांचा गुडघा कसा आहे?

संक्रांतीला आत्याबाईंना पुन्हा जेवायला बोलावलंय. तू पण यायचंस. तुझं ताट त्यांच्या शेजारीच मांडणार आहे.

तुझीच,
रत्नमाला