नाय नाय म्हणजे हो

ती. वन्संना, शॉमबर्गच्या बर्फातून तुमच्या उल्काचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? तेल लावता ना, की बाटली नुसती देवासारखी फडताळात बसवून ठेवलीय? इकडे तुमचे बंधू ठणठणीत आहेत, मीही बरी आहे, आणि आपली आश्लेषा तर जमिनीवरच नाही. कारण वन्सं, आपण जिंकलो!

सामना कोणाशी म्हणाल, तर डेरेकच्या आजीशी. डेरेक लिन हा मुलगा तुम्हाला पसंत नाही हे मला ठाऊक आहे (चिनी जावई केलात तर मी लग्नाला पाऊल टाकणार नाही, हे तुमचं वाक्य तुमच्या बंधूंनी मला तीनदा ऐकवलंय). पण मौज अशी की तिकडे आजींना आपली मुलगी पसंत नव्हती. आणि आजींनी मान हलवल्याशिवाय डेरेक बोहल्यावर चढणार नव्हता, पोरगं तसं वळणाचं आहे. राग कशाचा, तर दिवाळीत आपण पाठवलेल्या भिंतीवरच्या घड्याळाचा. (ते तुम्ही निवडलं होतंत, पण मी कुठे बोलले नाही.) त्यांच्या भाषेत एखाद्याला घड्याळ देणं आणि त्याला शेवटचं पोचवायला जाणं, दोन्ही ऐकायला एकच लागतं म्हणे. आजी अठ्ठ्याऐंशीच्या! भडकतील नाहीतर काय?

तर मंगळवारी त्यांचा पाडवा होता. सगळ्यांनी रजा काढून दुपारचं जेवण ठेवलेलं, आणि आम्हालाही बोलावणं. आश्लेषाने गाडी सुरू केल्यापासून आमची शिकवणी घेतली. "आई, प्लीज, चार हा नंबर तोंडातून काढू नकोस, चार म्हणजे डेथ. बाबा, फिश पूर्ण संपवायचा नाही, आणि उलटवायचा तर अजिबात नाही." केरसुणीला हात लावायचा नाही, लक्ष्मी बाहेर जाते, हेही बजावलं. (अहो, हे तर आपल्या सासूबाई रोज दिवेलागणीला सांगायच्या!) दारात पाऊल टाकलं तर घरभर एकच गजर, नाय नाय, नाय नाय! म्हटलं, झालं, बूट काढायच्या आतच नकार. मग कळलं की वडिलांच्या आईला ते लोक 'नाय नाय' म्हणतात.

जेवायला बसलो. तुमच्या बंधूंना चमचा देत होते, पण घेतील तर ना! दोन काड्यांनी मोदकासारखा एक वाफवलेला प्रकार पकडायला गेले, तो निसटला, कोपर लागलं, आणि आजींची चिनी मातीची वाटी खळ्ळकन फरशीवर. वर्षाच्या पहिल्याच दिवशी! सगळे एकदम पुटपुटले, सुई सुई, सुई सुई. माझ्या पर्समध्ये सुईदोरा कायम असतो, तुम्हाला माहीत आहे. म्हटलं, फुटक्या वाटीला सुई कशाला, पण ज्याची त्याची रीत. काढली आणि सगळ्यांसमोर उंच धरली. डेरेकच्या आईचा हात तोंडावर गेला. त्या दिवशी सुई, सुरी, कात्री हातात धरायची नसते, नशीब कापलं जातं! (हे आमच्या मास्तरीणबाई गाडीत सांगायला विसरल्या.) आश्लेषा रडायच्या बेताला आली. आणि त्या घाबरगुंडीत तोंडातून सवयीने निघालं, "असू दे, असू दे, वाटी वाढली!"

आजींनी विचारलं, ही काय म्हणाली? आश्लेषाने इंग्रजीत आणि डेरेकने चिनीत समजावलं की यांच्यात बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. डब्यातले तांदूळसुद्धा संपत नाहीत, वाढतात. वन्सं, म्हातारी टाळ्या पिटायला लागली! कारण त्यांच्यात 'सुई' म्हणजे फुटणं आणि 'सुई' म्हणजेच वर्ष. काही फुटलं की वर्षोवर्षं सुख लाभो म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. म्हणजे दैवाच्या डोळ्यांत धूळ फेकायची युक्ती दोन्हीकडे तीच. आजींनी माझा हात धरून 'वादली, वादली' म्हणून पाहिलं, तुकडे लाल कागदात बांधले, आश्लेषाला शेजारी बसवून माशाच्या गालाचा तुकडा स्वतःच्या हाताने तिला भरवला, आणि तिथल्या तिथे लग्नाला होकार दिला. माझे डोळेच भरून आले. तुमचे बंधू आता सगळ्यांना सांगतात की वाटी त्यांनी मुद्दाम पाडली.

घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद आणि तुम्हाला पुन्हा एकदा नमस्कार.

तुमची,
उल्का

ता. क. आजींनी त्यांच्या पंचांगातून मुहूर्तही काढलाय, आठ ऑक्टोबर. आठ त्यांना फार शुभ. त्यांचा पितरांचा महिना त्यांनी कटाक्षाने टाळलाय. फक्त तो टाळताना तारीख आपल्या पितृपक्षात येऊन पडली. तुमच्या गुरुजींकडून काहीतरी तोड काढून घ्या, तुमचा शब्द ते मोडत नाहीत.

आणखी ता. क. आजींनी विचारलं, तुमच्या घरात सगळ्यांत वडील कोण, आणि त्यांना तारीख चालेल ना? मी जिंकल्याच्या भरात सांगून बसले की तारीख आमच्या वन्संनीच सुचवली आहे आणि त्या जातीने येणार आहेत. आजींनी तुमच्यासाठी लाल रेशमी जाकीट शिवायला घेतलंय. माप कळवा.