गालाच्या आतला केस

४ मार्च
मान पुन्हा ओली! पहिला घास तोंडात घातला आणि मानेवरच्या गाठीतून थेंब झिरपला. नवरा म्हणे, "घाम असेल." जेवतानाच बरा येतो हा घाम!

५ मार्च
सर्जन म्हणाले, "लाळेची ग्रंथी आहे ही. मानेत उगवलीये. क्वचित होतं असं." हसले मी. येताना बेकरीपुढून गेले — कॉलर भिजली. मग नाही हसू आलं.

८ मार्च
गाठ काढली. तपासणी मी काम करते त्याच लॅबमध्ये.

११ मार्च
टाके ओले असतानाच कामावर. ट्रेमध्ये दोन गाठी — माझी, आणि एका शिक्षिकेच्या गालाच्या आतून काढलेली. आपला नमुना आपण हाताळायचा नाही, हे नव्या पोरींना मीच शिकवते. पण दुसरी टेक्निशियन रजेवर. केलं मीच. वेळ वाचावा म्हणून नेहमीसारखे डब्यांवर नंबर आधीच घालून ठेवले, मग गाठी भरल्या. बावीस वर्षांचा हात आहे!

१४ मार्च
लॅबचे डॉक्टर दारातूनच ओरडले, "सुटलीस गं! साधी आहे, कॅन्सर नाही." ढसाढसा रडले. शिक्षिकेची मात्र वाईट निघाली. सोमवारी अर्धा गाल काढणार. बिचारी.

१५ मार्च
जेवताना मान कोरडी. तरी हात सारखा तिथेच जातो.

१६ मार्च
डॉक्टरांना शिक्षिकेच्या गाठीचे आणखी काप हवे होते. खोलवरचे घेतले, काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली. काठाला केसाचं मूळ.

गालाच्या आत केस?

पुन्हा पाहिलं. होतंच. मग आधीच नंबर घालून ठेवलेल्या त्या डब्या आठवल्या. केस मानेच्या कातडीला असतात. काच खणात ठेवली आणि कुणाला काही न बोलता घरी आले.

१७ मार्च
रविवार. गप्प बसले तर कागदावर तरी मी साधीच राहते. पण तिचा गाल जातो. डोळे मिटले की ते मूळ दिसतं. भीती वाटते. फार वाटते.

१८ मार्च
सकाळी सातला डॉक्टरांना गाठलं, सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही काचा पाहिल्या, खाली बसले. शिक्षिकेला फोन मीच केला. "बाई, ऑपरेशन रद्द. आमच्याकडून गाठींची अदलाबदल झाली. तुमची साधी आहे." ती रडता रडता हसायला लागली. मग थांबली. "अहो, मग ती वाईट कुणाची?"

हात मानेवर गेला. बोटं ओली झाली.