दवातली पात, धुरातली पात

नुव्हेल फ्रांस
सन १८६४, दिवाळी सरल्यावर

प्रिय कुसुम,

सीतारामची बैलगाडी परवा दाराशी थांबली, आणि तो खाली उतरायच्या आधीच तुझा निरोप ओरडून मोकळा झाला. तुझ्या नातीला, हिराला, लग्न ठरेपर्यंत सें पिएरला माझ्याकडंच राहू दे, पोरीच्या बोटांत देव आहे, तिकडं साखरेची पोती विणून ती बोटं मरतील. सगळ्या आळीनं ऐकलं, शेजारणी पदर तोंडाला लावून हसल्या. का नाही हसणार? साखरेची पोती आळीत कोण विणतं? मी. म्हणजे माझी बोटं मेलेलीच ना गं? मी सीतारामला पाणी दिलं, गुळाचा खडा दिला, उत्तर मात्र दिलं नाही. म्हटलं, उत्तर लिहून देते. तेच हे.

जयराम, बाळा, तुझ्या आईला तू वाचून दाखवतोयस ना? मग सगळं वाच, तिला बोचेल म्हणून मधलं गाळू नकोस. अक्षराला हसू नकोस. आमच्या गावी माझा भाऊ शाळेतून आला की राखेत अक्षरं काढायचा, आणि मी चुलीपुढं बसून त्याच्यावरून बोट फिरवायची. तेवढीच माझी शाळा. आणि हे वाचताना हिराला पाणी आणायला पाठव.

तर कुसुम, आधी पोरीचं सांगते, कारण त्याच्याशिवाय मला सुचणारच नाही. दिवाळीला घरी आली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. केवढी उंच झालीय! गाल भरलेत, केसांना तेल, पाठीवर सरळ वेणी. मला इतका आनंद झाला की मी तिच्या पायांवर पाणी घालायचं सोडून स्वतःच्याच पायांवर ओतलं. आणि मग पोरीनं तोंड उघडलं. कुसुमआजी डाळीला फोडणी अशी देते. कुसुमआजी केर असा काढते. कुसुमआजी म्हणते जेवताना बोलू नये. हे तर खोटंच, तू जेवताना बोलत नाहीस हे मला कुणी गंगेत उभं राहून सांगितलं तरी पटणार नाही. आमची सून बसंती, तिची सख्खी आई, ती खुशाल हसत होती. तिला काय, तिच्याकडून पोरीनं आईपण काढून घेतलं नव्हतं. माझ्याकडून मात्र आजीपण अर्धं गेलं. पोटात नुसती लाल मिरची पेटली होती.

आपण दोघी एकाच बोटीतून या मुलखात उतरलो तो दिवस तुला आठवतो? बंदरावरून मळ्याकडं चालवत आणलं, बोटीनं अजून पाय डुलत होते, आणि वाटेच्या कडेला ते काटेरी पानांचं झाड दिसलं. मी ओरडले, कुसे, केवडा! आपला कोकणातला केवडा! तू पान हातात घेतलंस, काटा टोचून घेतलास आणि म्हणालीस, असेल बाई. मी त्याचं रोप झोपडीमागं लावलं. पहिला श्रावण आला, इथं श्रावणात थंडी, तरी मी रोज झाडाखाली जाऊन नाक वर करून उभी राहायची. फुललं एकदाचं, पण केवड्याचा वास नाही. पुढं फळं धरली, अननसाएवढी, कुणाच्याही कामाची नाहीत. इथली माणसं त्याला वाकवा म्हणतात आणि त्याच्या पातीची साखरेची पोती विणतात, हे मला मळ्यावर मुकादमी करणाऱ्या त्या सरदारानं शिकवलं. शिकवलं कसलं, एक विणलेलं पोतं अंगावर फेकलं आणि म्हणाला, असंच कर. मी ते उसवलं, पुन्हा विणलं, बोटं सोलून निघाली. तूही तशीच शिकलीस. मग मळ्याच्या मजुरीचा करार संपला, तू सें पिएरला गेलीस आणि तिथं बारीक पातीच्या टोपल्या विणायला लागलीस. मोठ्या घरच्या मडमा त्या हातात घेऊन पोर्ट लुईच्या बाजारात फिरतात म्हणे. मी इथंच राहिले, पोत्यांपाशी. तेव्हापासून तुझ्या टोपल्यांचं कौतुक ऐकलं की माझा एक कान बहिरा होतो.

पण हिराला पहिली पात मी दिली, हे विसरू नकोस. काटे कसे सोलायचे, मधली शीर कशी काढायची, चार पट्ट्या एकीखालून एक कशा घालायच्या, सगळं माझ्या मांडीवर बसून शिकली ती. तिच्या पहिल्या पोत्यातून अख्खी साखर गळली असती, तरी मी ते आळीभर दाखवून आले होते. मग तू गेल्या साली आलीस, तिच्या हाताकडं पाहिलंस आणि म्हणालीस, ही पोर माझ्याकडं पाठव. बळीराजासारखा मोठा दानी आव आणून मी पाठवली. आता कळतं, दान देताना पोट भरलेलं असावं लागतं.

बरं, पुढं ऐक, आता मजा आहे. दिवाळीच्या फराळानंतर हिरा म्हणाली, आजी, मी तुला कुसुमआजीची रीत दाखवते. पात चुलीवर टांगायची नाही, रात्रभर अंगणात दवात ठेवायची, म्हणजे रेशमासारखी मऊ होते. मी म्हटलं, ठेव बाई. मला सगळं ठाऊक होतं. सें पिएरला दव पडतं, आमच्या नुव्हेल फ्रांसला रात्रभर पाऊस झिमझिमतो. इथं अंगणात ठेवलेली गोष्ट सकाळी शेवाळ धरते. म्हणून तर मी पात चुलीच्या धुरात टांगते. सकाळी पाती काळ्या पडून बुळबुळीत झालेल्या, आणि मी, देवाशपथ सांगते, इतकी खूश झाले की दुपारी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. वाटलं, आता रडेल, आता म्हणेल, आजी, तुझीच रीत खरी.

रडली नाही गं. नव्या पाती कापून आणल्या आणि काही न विचारता माझ्या चुलीवर टांगल्या. धुरानं त्यांना मधासारखा रंग आला. मग तू दिलेली बांबूची कामटी तिनं पदरातून काढली आणि एकेक पात त्या कामटीखालून ओढली, तुझ्यासारखी, हळू, मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तशी. त्या पातीची तिनं तांत विणली, बाजारात नेतो ती पिशवी. कुसुम, अशी तांत मी जन्मात पाहिली नाही. रंग माझ्या चुलीचा, मऊपणा तुझ्या कामटीचा, आणि वीण ना तुझी ना माझी. काठाला तिनं स्वतःचंच काहीतरी वळण काढलंय, उसाच्या तुऱ्यासारखं. आळीतल्या बायका बघायला आल्या. कुणी शिकवलं म्हणून विचारलं तर पोर म्हणाली, दोन आज्यांनी. तुझं नाव आधी घेतलं. मी तिथंच खोकले. मग तिनं माझं घेतलं.

आता खरं उत्तर. बलरामाला, माझ्या लेकाला, मी काहीच बोलले नाही, पण तुला सांगते. जायच्या आदल्या दिवशी हिरा म्हणाली, बस, तुलाही शिकवते. मी बसले, हसत, पोरखेळ म्हणून. पात ओढली तर चिरली. पोर मान हलवून इथल्या बोलीत म्हणाली, पा कूमसा, आजी. असं नाही. आणि माझ्या पाठीमागं येऊन बसली, हनुवटी माझ्या खांद्यावर, माझी बोटं तिच्या बोटांत धरली, आणि ओढली. पात सरळ आली. कुसुम, मी या मुलखात आल्यापासून मला सगळ्यांनी काम दिलं, शिव्या दिल्या, पोतं अंगावर फेकलं, पण माझी बोटं हातात धरून, असं नाही, असं, म्हणून कुणी दाखवलं नव्हतं. मी विचारलं, हे पाठीमागं बसणं कुणाचं? म्हणाली, कुसुमआजी मला असंच शिकवते. तेव्हा मला कळलं की माझ्या पोटातली मिरची तुझ्या नावाची नव्हतीच. ती हिराच्या नावाची होती. मला त्या पोरीचा हेवा वाटतोय गं, माझ्याच नातीचा, की तिला तुझ्यासारखी शिकवणारी मिळाली आणि मला सरदार.

म्हणून ऐक. हिरा तुझ्याकडंच राहील, लग्न ठरेपर्यंत आणि ठरल्यावरही चार दिवस. पण तिच्या चटईशेजारी आणखी एक चटई टाक. ऊसतोड संपली की सीताराम मला घेऊन येईल. येताना चुलीवर धुरवलेल्या पातींचा भारा आणते, ती रीत तुला मी शिकवीन, नाहीतर तुझ्या घरात फुकट खाल्ल्यासारखं वाटेल. माझी पात चिरली तर हिराला हसू दे, शेजारणींना हसू दे. तू मात्र हसू नकोस. तू माझ्या पाठीमागं येऊन बस.

तुझीच, पण नातीची आधी,
भगवती